गर्भिणीच्या पोटरीतील गोळा : तेलाची बाटली काढण्यापूर्वी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील महारोगाध्यायात ऐंशी नानात्मज वातविकारांची जी गणना केली आहे, तीत पिंडिकोद्वेष्टन आहे. चिकित्सास्थानातील वातव्याधी-अध्यायात खल्लीचे वर्णन आहे. त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यातील गर्भिणी ‘रात्री पोटरीत गोळा येतो’ असे सांगू लागली की आपला हात सवयीने वातघ्न कल्पांकडे जातो. निदान बहुधा बरोबरही असते. प्रश्न उरलेल्या थोड्या रुग्णांचा आहे. विदर्भात या थोड्यांचे मोल फार मोठे आहे आणि आपल्या वैद्यवर्गाने ते अद्याप पुरेसे मनावर घेतलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खरा गोळा ओळखणे कठीण नाही. तो बहुधा गर्भारपणाच्या उत्तरार्धात, रात्री झोपेत येतो. स्नायू हाताला दगडासारखा लागतो. गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे नडगीकडे ओढली की तो थोड्याच वेळात सुटतो. मागे ठणका राहतो, पण मधल्या काळात पाय निर्दोष असतो. अशा स्त्रीला प्रथम धीर द्यावा. निजण्यापूर्वी पोटऱ्यांना ताण देणे, फार वेळ उभे न राहणे, पुरेसे पाणी, कोमट तिळतेलाचा हलक्या हाताने अभ्यंग, एवढ्यावर बहुतेकींचे भागते. मासानुमासिक परिचर्येतील दूध-तूप पचनशक्ती पाहून द्यावेच. सुश्रुताचार्यांनी सहाव्या महिन्यात गोक्षुरसिद्ध घृत सांगितले आहे, त्याचाही विचार व्हावा.

याहून अधिक दावा करू नये. हे गोळे का येतात याचा निर्णय आधुनिक शास्त्रालाही लागलेला नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, जीवनसत्त्वे यांनी ते थांबतात का, याचा कोक्रेनने २०२० साली पुन्हा आढावा घेतला, तेव्हाही ठाम उत्तर मिळाले नाही. येथे एक विषयांतर. शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चौदाव्या आठवड्यापासून गर्भिणीला कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या दिल्या जातात. आहारात कॅल्शियम कमी असणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भावस्थेतील रक्तदाबाचा विकार टाळणे हा त्यामागील मुख्य हेतू आहे. पेटक्यांशी त्याचा संबंध नाही. म्हणून ‘त्यापेक्षा आमचे शंखभस्म घ्या’ असे सांगून त्या गोळ्या बंद करविणे हा अपराध समजावा.

आता मूळ मुद्दा. आपल्या प्रदेशात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या व्याधीच्या वेदना हाडांत, सांध्यांत आणि पायांत उमटतात, तासन्‌तास, कित्येकदा दिवसेंदिवस टिकतात, ताण दिल्याने सुटत नाहीत. गर्भावस्था, ज्वर आणि शरीरातील पाण्याचा ऱ्हास ही त्यांना निमंत्रण देणारी कारणे. नागपूरचा मे महिना कसा असतो हे वाचकांना सांगावयास नको. सिकलसेलच्या केवळ वाहक असणाऱ्या स्त्रीला सहसा असा त्रास होत नाही; रुग्ण स्त्रीला होतो, आणि तिला श्वास लागला, छातीत दुखले वा ज्वर आला तर तास मोजावे लागतात.

काही वर्षांपूर्वी उमरेडकडील एक गर्भिणी सासूसोबत माझ्याकडे आली. आठवा महिना होता, दोन्ही पाय दुखत होते. मी नाडी, जिव्हा, मल, मूत्र सर्व पाहिले, खल्ली लिहिली आणि बलातेल दिले. चौथ्या दिवशी तिला धाप लागल्याने रुग्णालयात हलवावे लागले, तेव्हा ती सिकलसेलची रुग्ण असल्याचे निष्पन्न झाले. तिला स्वतःला हे ठाऊक होते. शाळेत असताना तपासणी झाली होती. पण सासरी ते सांगितलेले नव्हते. मी विचारले नाही, आणि विचारले असते तरी सासूसमोर तिने सांगितले असते का, याची मला आज शंका वाटते. बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले. दोघेही वाचले, त्यात माझे कर्तृत्व काही नाही. तेव्हापासून गर्भिणीशी दोन मिनिटे एकटीशी बोलल्याविना मी केसपेपर पूर्ण करीत नाही.

दुसरा धोका शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा. गर्भावस्थेत ती बहुधा डाव्या पायात होते. एकच पोटरी सुजलेली, उष्ण, सतत दुखणारी असेल तर तिला मर्दन करणे म्हणजे गुठळी सुटून फुप्फुसाकडे जाण्यास वाट देणे होय. माझ्या टेबलाच्या खणात शिंप्याची टेप असते. दोन पोटऱ्यांच्या घेरात दोन सेंटीमीटर वा अधिक अंतर आढळले तर मी तेल न देता त्याच दिवशी मेयो, मेडिकल किंवा डागा रुग्णालयाकडे चिठ्ठी देतो. अंतर कमी असले तरी अन्य लक्षणे असतील तर चिठ्ठी द्यावीच.

औषधविक्रेते बंधूंना एक स्पष्ट बोल. ‘बायकोच्या पायात वात आला आहे’ असे म्हणत पती दुकानात येतो, आणि महायोगराज गुग्गुळ अथवा विषतिंदुक वटी कागदात बांधून दिली जाते. पहिल्यात नागभस्म आहे, दुसरीत कुचला आहे. कुचला, वत्सनाभ, हिंगुळ यांसारखी द्रव्ये असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना कायद्याने छापावी लागते. ती ग्राहकासाठी आहे तशीच विक्रेत्यासाठीही आहे. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ साली सहा गर्भिणींना भारतातून आलेल्या आयुर्वेदिक औषधांतून शिशाची विषबाधा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. ती वाचून ‘आयुर्वेदाविरुद्ध कट’ असे म्हणणारे आपल्या सभांतून मी ऐकले आहेत. काठोकाठ भरलेले तेलाचे पात्र न्यावे तसे गर्भिणीला जपावे, हा उपदेश चरकाचाच आहे, पाश्चात्त्यांचा नव्हे.

माझी संघटनेला विनंती आहे की पुढील अंकासोबत दुकानात लावण्याजोगा एक छोटा फलक द्यावा. त्यावर तीनच प्रश्न असावेत : बाई गर्भिणी आहे का, दुखणे एकाच पायात आहे का, सिकलसेलची तपासणी झाली आहे का. पहिल्याचे उत्तर ‘होय’ असेल तर वटी द्यावयाची नाही, वैद्याकडे पाठवावयाचे. मजकूर लिहून देण्यास मी तयार आहे.