द्राक्षे तीच, चालकाची झोप वेगळी

जानेवारी ते एप्रिल हा दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष निर्यातीचा हंगाम. पॅकहाउसमधून निघालेला शीतकंटेनर कसारा घाट उतरून न्हावा शेवा बंदर गाठतो. तीच द्राक्षे पुढे रॉटरडॅममध्ये दुसऱ्या ट्रकवर चढतात. माल एकच, पण दोन्ही चालकांच्या झोपेची काळजी सारखी घेतली जात नाही.

युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा, ही मर्यादा. टॅकोग्राफ हे यंत्र त्याची नोंद ठेवते.

भारतातही १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले होते. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. आठ तास कायम राहिले. मात्र ट्रकमध्ये टॅकोग्राफ सक्तीचा नाही.

सलग १७ तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते, असे प्रयोगांत आढळले आहे. आपल्याकडे वाहनचालकासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. त्यात पहाटे दोन ते सहा या वेळेत झोपेचा जोर सर्वाधिक. चहा-तंबाखूने तरतरी येते, झोप भरून निघत नाही.

नाक्यावर श्वासातली दारू तपासता येते, जागरण नाही. ते मोजायचे तर सुरुवात पॅकहाउसच्या फाटकापासून करावी लागेल: माल भरेपर्यंत ताटकळलेले तासही चालकाच्या जागरणातच धरले पाहिजेत.