विद्यावेतन मिळालं, पुढे काय?

राजर्षी शाहूंनी वडिलांच्या नावाने वसवलेल्या जयसिंगपूरच्या आसपास कामाची वानवा नाही. इचलकरंजीचे यंत्रमाग, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या फार दूर नाहीत. तरीही गावातला पदवीधर भरतीच्या जाहिरातींकडे डोळे लावून बसतो.

राज्य सरकारच्या ‘महास्वयम’ या रोजगार पोर्टलवर नोंदणी फुकट होते. २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. पैसे बरेच, पण सरकारी कार्यालयात फायली हलवून कुठलं कसब येणार?

त्यापेक्षा १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याची वाट खरी. तिथे हात काळे होतात, पण काम येतं.

नगरपरिषदेने आता एवढंच करावं: परिसरातल्या कारखान्यांतल्या शिकाऊ जागांची यादी दर महिन्याला वाचनालयात लावावी.