गजकर्णाची चाचणी मावळात का हवी?

जुलैमध्ये भातलावणी सुरू झाली की मावळातली माणसे दिवस दिवस चिखलात उभी असतात. पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, ओले कपडे अंगावरच सुकतात आणि कमरेला, जांघेत गजकर्ण धरते. लोणावळ्याच्या पावसात तर दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. तळेगावच्या कारखान्यात जाड बूट घालून पाळी भरणाऱ्या कामगाराची गत वेगळी नसते. याला कोणी आजार म्हणत नाही. ‘पावसाळ्यात होतंच’ म्हणायचे, मेडिकलमधून एक ट्यूब आणायची आणि घरातल्या सगळ्यांनी तीच लावायची.

त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टिरॉइडही असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. स्टिरॉइडची अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असे केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवले. चिठ्ठी मागणारा दुकानदार मात्र अजून शोधावाच लागतो. दरम्यान बुरशीही बदलली आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला सहसा दाद न देणाऱ्या एका जातीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. नावातच हिंदुस्थान आहे. २०२३ मध्ये तिचे रुग्ण न्यूयॉर्कमध्येही नोंदले गेले.

आता कोणते औषध, किती मात्रेत, किती आठवडे द्यायचे, याचे उत्तर माणसांवरच्या चाचणीतूनच मिळणार. गोम इथेच आहे. अशा चाचणीत सहसा अलीकडे स्टिरॉइड न लावलेला, प्रत्येक तपासणीला वेळेवर येऊ शकणारा रुग्ण घेतला जातो. शास्त्राच्या दृष्टीने ते ठीकच. कशाने गुण आला हे त्याशिवाय कळत नाही. पण या चाळणीतून मावळातला शेतकरी पहिल्याच फेरीत गळतो. त्याने तीन ट्यूब संपवलेल्या असतात आणि पुढचा महिनाभर त्याचे पाय पाण्यात राहणार असतात. औषध कोरड्या पायांवर तपासायचे आणि ओल्या पायांना द्यायचे, हा उलटा व्यवहार झाला. चाचणी जिथे पाऊस पडतो तिथे व्हायला हवी, आणि स्टिरॉइड लावून बसलेल्या रुग्णांनाही तिच्यात वेगळा गट म्हणून जागा हवी.

‘आमच्यावर प्रयोग?’ हा प्रश्न यावर येणारच, आणि तो अडाणीपणाचा नाही. देशातल्या औषधचाचण्यांमधील गैरप्रकारांविरुद्ध स्वास्थ्य अधिकार मंच २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यानंतरच नियमांचा फास आवळला. २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीला नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते आणि त्या समितीत विज्ञानाबाहेरचा सामान्य माणूसही असावा लागतो. चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात. संमतिपत्राची प्रत रुग्णाला मिळालीच पाहिजे. चाचणी सरकारी नोंदवहीत आहे की नाही हे कोणालाही पाहता येते. आणि कधीही, कारण न देता, बाहेर पडता येते.

हे कागदावर आहे. प्रत्यक्षात ‘फुकट औषध मिळतंय’ एवढेच रुग्णाच्या कानावर पडते. वास्तविक कोणाला कोणते मलम मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. ते पुष्कळदा खुद्द डॉक्टरलाही माहीत नसते. काहींच्या वाट्याला औषध नसलेले मलमही येऊ शकते. हे मराठीत, सावकाश, घरच्यांसमोर सांगितले नाही, तर अंगठा उमटला तरी संमती मिळाली असे होत नाही.

महाराष्ट्राला त्वचारोगाच्या प्रयोगाचा स्वयंसेवक म्हटले की बाबा आमटे आठवतात. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेताना त्यांनी रोगाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. रोग झाला नाही. बहुतेकांच्या अंगात या जंतूला रोखण्याची शक्ती असते, हे आज माहीत आहे. आणि १९६० मध्ये तो उंदराच्या पंजात वाढवता आला. बाबांच्या धैर्याला तोड नाही. पण चाचणीची व्यवस्था अशी हवी की तिच्यात येणाऱ्याला बाबा आमटे व्हावे लागू नये.

त्यासाठी लाजेचाही विचार करावा लागतो. कायद्याने तो एका ठिकाणी केला आहे. अगदी नव्या रेणूच्या औषधाची चाचणी असेल आणि रुग्ण दुर्बल गटातला असेल, तर संमतीचे चित्रीकरण करावे लागते. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी मात्र केवळ आवाजाची नोंद पुरते. चेहरा दिसू नये म्हणून. जांघेतले गजकर्ण दाखवणाऱ्या बाईची अडचण याहून फार निराळी नाही. चाचणीत चट्ट्यांचे फोटो काढतात. ते कोण काढणार, कोण पाहणार, कुठे राहणार, हे तिला आधी कळायला हवे. तपासायला स्त्री डॉक्टर हवी, आणि फोटोला नकार दिला तर उपचार बंद होणार नाहीत हेही सांगायला हवे.

राहिला रोजगार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे प्रवासखर्च आणि बुडालेल्या वेळेची भरपाई देऊ देतात. एसटीचे भाडे बहुधा मिळते. बुडालेल्या रोजाचे काय, हे संमतिपत्रात शोधून पाहावे. लावणीच्या दिवसांत दवाखान्याची फेरी म्हणजे अख्खा दिवस गेला. शेतकरी ती चुकवतो आणि नोंदीत त्याच्या नावापुढे ‘पाठपुरावा तुटला’ असा शेरा पडतो. जून ते ऑगस्टच्या तपासण्या गावातल्या उपकेंद्रात, संध्याकाळी, शेतातून माणसे परतल्यावर ठेवल्या, तर तो शेरा पुष्कळांच्या नावापुढे पडणार नाही.