बी-१२ : आच सोसते, ऊन सोसत नाही

'दूध उकळले की त्यातले बी-१२ जळून जाते,' असे अनेक घरांत ऐकू येते. त्याच घरात बी-१२च्या इंजेक्शनच्या कुप्या मात्र खोक्याबाहेर, खिडकीशी पडलेल्या असतात. काळजी आणि बेफिकिरी, दोन्ही चुकीच्या जागी!

बी-१२ हे कोबाल्ट असलेले जीवनसत्त्व. मधोमध कोबाल्टसारखा संक्रमण धातू आणि त्याला धरून ठेवणारे सेंद्रिय घटक, अशा रचनेला जटिल संयुग म्हणतात. ते किती उष्णता सोसेल, हे एकट्या धातूवर नव्हे, तर या पकडीवर ठरते. बी-१२मध्ये 'कॉरिन' नावाचे कडे चार नायट्रोजन अणूंनी कोबाल्टला जखडते. एक बंध सुटला तरी उरलेले तीन धातूला निसटू देत नाहीत. पाचवी पकड खालून, तीही नायट्रोजनचीच. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साह्याने १९५६ मध्ये ही रचना उलगडली. त्यांना १९६४चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे हे कामही होते.

या पकडीचा परिणाम असा, की सायनोकोबालामिन या बी-१२च्या शुद्ध रूपाची भुकटी २१० अंश सेल्सिअसच्या पुढे काळवंडू लागते, पण ३०० अंशांपर्यंतही वितळत नाही. दुधात इतर घटक असल्याने थोडी घट होते. वारंवार, बराच वेळ आटवले तर ती वाढते. पण एकदा उकळी आणल्याने सारे बी-१२ नष्ट होत नाही. म्हणून कच्चे दूध पिण्याचा धोका पत्करण्याचे कारण नाही.

खरी मेख सहाव्या जागेवर आहे. सायनोकोबालामिनमध्ये तिथे सायनाइड गट असतो, तोही निरुपद्रवी ठरावा इतका अल्प. आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या मिथाइलकोबालामिनमध्ये तिथे मिथाइल गट असतो. हा कोबाल्ट-कार्बन बंध नाजूक, आणि प्रकाशाने तर तो सहज तुटतो. द्रावणावर थेट प्रकाश पडला तर काही मिनिटांतच त्याचे हायड्रॉक्सोकोबालामिन होऊ लागते. तेही बी-१२चेच रूप, पण लेबलवर लिहिलेले औषध ते नव्हे. इंजेक्शनच्या कुपीची काच तपकिरी असते, ती यासाठीच.

बी-१२ची कमतरता हातापायांच्या मुंग्या, रक्तक्षय, विसराळूपणा अशा रूपांत दिसते. शाकाहारी माणसाला दूध-दह्यापलीकडे त्याचे स्रोत फार थोडे. अशा रुग्णाच्या औषधाची साठवण हा किरकोळ तपशील नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पाकिटावर 'थंड, कोरड्या जागी, प्रकाशापासून दूर' असे बारीक अक्षरांत छापलेले असते. ती सूचना ठळक मराठीत हवी. पट्टी कापून देताना ती कचऱ्यात जाऊ नये, हे औषध विक्रेत्याने पाहावे. दुकानातील तापमानाची नोंद तपासण्याचे काम प्रशासनाचे.

आणि घरातले काम आपले : दूध निर्धास्त उकळा, कुपी मात्र खोक्यात ठेवा.