बाक सोडू नका



वणी, दारव्हा, पुसद या यवतमाळच्या मुलुखात ज्या कुटुंबांनी नुकताच धम्म स्वीकारला आहे, त्यांच्यापुढे एक बिकट प्रश्न उभा राहतो. आडनाव ऐकताच शेजारचे मूल सरकून बसले, शिष्यवृत्तीवरून कोणी टोमणा मारला, तर आपले लेकरू दुसऱ्या दिवशी पोटदुखीचे निमित्त सांगते. अशा वेळी आईबापांनी काय करावे?

‘तुम्ही आलात तर शाळा ओस पडेल’ ही धमकी फार जुनी आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलास प्रवेश नाकारला. त्याने सरकारकडे दाद मागितली. न्याय त्याच्या बाजूस आहे हे मुंबई सरकारने मान्य केले. परंतु एका मुलासाठी इतर सर्व निघून जातील, असे म्हणून दार बंदच ठेवले. १८५८ साली विलायतेहून हुकूम आला की, सरकारी शाळा सर्वांस खुल्या असाव्यात. दार उघडले, पण मने उघडली नाहीत. पुढे साताऱ्याच्या शाळेत बालपणी परमपूज्य बाबासाहेबांस घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले; शिपाई नसेल तर पाणीही मिळत नसे.

आपल्या नागपुरात जाईबाई चौधरी मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या, तेव्हा सवर्ण पालकांनी आपली मुले काढून घेतली. जाईबाईंची नोकरी सुटली, पण शिकविणे सुटले नाही. १९२२ साली त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली.

हेच शस्त्र सातासमुद्रापलीकडेही वापरले गेले. १४ नोव्हेंबर १९६० रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी रुबी ब्रिजेस ही ६ वर्षांची निग्रो मुलगी गोऱ्यांच्या शाळेत गेली. बाहेर जमाव शिव्या देत होता. गोऱ्या पालकांनी मुले काढून नेली. तिच्या वडिलांची नोकरी गेली. वर्षभर एकच शिक्षिका तिला एकटीला शिकवीत राहिली. ती मात्र रोज गेली. पुढच्या वर्षी वर्गात इतर मुले येऊन बसली आणि जमाव नाहीसा झाला.

यातील बोध ध्यानी घ्या. जे रागाने उठून जातात ते एक दिवस परत येतात. जो बसून राहतो त्याचाच बाक कायम होतो. आमची आशा याच अनुभवावर उभी आहे.

आज कायदा तुमच्या पाठीशी आहे. संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५च्या कायद्याने ती पाळणे गुन्हा ठरविले. १९९० साली केंद्राने बौद्धांसही अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या. २००९च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क दिला. म्हणून अपमान झाला तर मुलाला घरी बसवू नका. मुख्याध्यापकास लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. दाद न लागल्यास गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जा. एकटे जाऊ नका. वस्तीतील चार माणसे बरोबर न्या.

आणखी एक कटु गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. कापसाची वेचणी सुरू झाली की आपल्याच वस्तीतील मुले शाळेतून दिसेनाशी होतात. ज्या बाकावरून विरोधकांना आपल्याला उठविता आले नाही, तो बाक आपणच चार दिवसांच्या मजुरीसाठी रिकामा करावा काय? गरिबी खरी आहे, हे आम्ही जाणतो. तरीही सांगतो, वेचणीला तुम्ही जा; लेकरू शाळेतच जाऊ द्या.

आज रात्री मुलाला जवळ घ्या, धारवाडच्या त्या मुलाची गोष्ट सांगा, आणि उद्या सकाळी स्वतः शाळेच्या दारापर्यंत पोहोचवा.

जय भीम.