दीड हजेरीचा हिशेब

तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला लागलेल्या माणसाला सांगतात, "बारा तास भरलेस तर दीड हजेरी." ऐकायला बरं वाटतं. आठ तासांची एक, वरच्या चार तासांची अर्धी. पण वरच्या तासांचा दर कायद्याने दुप्पट आहे. म्हणजे त्या चार तासांची अर्धी नव्हे, पुरी हजेरी होते. बारा तासांच्या दोन हजेऱ्या.

समजा हजेरी ५६० रुपये आहे. तासाचे झाले ७०, ओव्हरटाइमच्या तासाचे १४०. चार तासांचे ५६०, दिवसाचे एकूण १,१२०. दीड हजेरीने हातात येतात ८४०. रोजचे २८० गेले, २६ दिवसांचे ७,२८०. बोईसरमध्ये खोलीचं भाडं भागून वर गावाला पाठवायला काही उरेल एवढी ही रक्कम आहे. (जेवणाचा अर्धा तास वजा केला तर आकडा थोडा उतरेल, दर तोच राहतो.)

हे नवीन काही नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ५९ मध्ये दुप्पट दर लिहिलेला होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनीही तो तसाच ठेवला आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण नाक्यावर हल्ली दुसरंच ऐकू येतं: "आता बारा तासांचाच कायदा झाला, ओटी विसरा." सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्याला मंजुरी दिली, हे खरं. पण आठवड्याचे ४८ तास हलले नाहीत. सहा दिवस बारा-बारा तास केलेत तर ७२ होतात; त्यातले २४ तास डबलचेच. शिवाय ओव्हरटाइमला तुमची संमती लागते. कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

काही ठिकाणी डबल देतात, पण नुसत्या मूळ पगारावर. तेही चालत नाही. महाराष्ट्रात किमान वेतनाबरोबर विशेष भत्ता असतो, दर सहा महिन्यांनी बदलतो. तो धरूनच तासाचा दर काढायचा. पगारपत्रक मागून घ्या. ते देणं मालकाचं काम आहे, उपकार नव्हे.

आठवड्याची सुट्टी तर या भूमीत भांडून मिळालेली आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना उभं केलं, तेव्हा १८९० साली रविवार मोकळा झाला. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर बदली सुट्टी मागा, दोन महिन्यांच्या आत मिळायला हवी. मतदानाच्या दिवशीची सुट्टी भरपगारी असते, रोजंदारीवाल्यालाही. सणांच्या सुट्ट्या कारखान्याच्या स्थायी आदेशात किंवा युनियनच्या करारात लिहिलेल्या असतात. तो कागद वाचून घ्या, सुपरवायझरच्या तोंडावर विसंबू नका.

डहाणू-तलासरीकडच्या मुलामुलींना एक आठवण द्यावीशी वाटते. १९४५ साली तुमच्या आजा-पणज्यांनी गोदावरी परुळेकरांच्या साथीने जमीनदाराची फुकटची वेठ नाकारली आणि गवत कापायचा दर ठरवून मागितला. पगाराविना काढून घेतलेले चार तास मला वेठीहून फार वेगळे दिसत नाहीत.

आता करायचं काय? आधी वही करा. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, मिळालेले पैसे. रोज त्याच दिवशी लिहा. महिन्याअखेरी आठवून लिहिलेली वही कुणी मानत नाही. पंचिंग मशिनचा किंवा हजेरीपटाचा फोटो काढता आला तर उत्तम. बसचा पास, गेटपास, पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज पुसू नका. खोलीत उत्तर प्रदेशचा, ओडिशाचा जोडीदार असेल तर त्यालाही हे समजावून सांगा. त्याची वही तुमच्या वहीची साक्ष होते.

मग एकटे जाऊ नका. एकट्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाच-दहा जणांनी मिळून, युनियन असेल तर तिच्यामार्फत, कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ठेकेदार पळाला तरी घाबरू नका: त्याने थकवलेलं वेतन देण्याची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते. म्हणून अर्जात ठेकेदाराबरोबर कंपनीचंही नाव घाला. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. औद्योगिक कामगाराला आणि आदिवासीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जाऊन मागायचा. थकलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, तेव्हा गेल्या वर्षी सोडलेल्या कंपनीचाही हिशेब काढून ठेवा.