पाच दिवसांची भागीदारी

गेल्या डिसेंबरात सत्रपरीक्षा संपली आणि सुरतेला आत्याकडे जाण्याचा योग आला. आत्याच्या सासरची माणसे मूळची खानदेशातली. लिंबायत भागात अशी पुष्कळ घरे आहेत. गुजरातीबरोबर अहिराणीही सारखी कानावर पडते. माझी आतेबहीण तिथे डिझाइनचे शिक्षण घेते. त्या आठवड्यात तिच्या वर्गाला पाच दिवसांचा गट-प्रकल्प होता. चौघांनी मिळून एखादी अडचण शोधायची, तिच्यावर उपाय काढायचा आणि शेवटच्या दिवशी तो परीक्षकांपुढे मांडायचा.

अडचण शोधायला लांब जावे लागले नाही. रिंगरोडच्या बाजारात ज्या चमचमत्या साड्या दिसतात, त्यांतल्या कित्येकींवर खडे-टिकल्या चिकटवण्याचे काम बायका घरी बसून, नगाप्रमाणे पैसे घेऊन करतात. साडी जमिनीवर पसरलेली आणि पाठ दिवसभर वाकलेली. त्यांच्यासाठी बसके मेज करायचे, असे गटाने ठरवले.

पहिले दोन दिवस ताई त्यांच्या घरी जाऊन बसली, कारण बाकीच्या तिघांना अहिराणी येत नव्हती. पहिल्या दिवशी बायका ‘सगळे ठीक आहे’ एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर एकीने सांगितले, मेज नको. एका खोलीत ते ठेवले तर रात्री अंथरुणे कुठे घालायची? तेव्हा कुठे घडी घालून भिंतीला टांगता येईल असे मेज करायचे ठरले. परीक्षकांना नेमके हेच आवडले, पण कौतुक झाले ते चित्रे काढणाऱ्याचे. ताईला एकाने विचारले, “यात तुम्ही काय केले?” गुण चौघांना सारखे मिळाले. त्या रात्री ताई जेवली नाही.

मला १९३२ चा भागीदारी कायदा आठवला. वेगळा करार नसेल तर नफा-तोटा सर्वांत समान वाटायचा, आणि जास्त राबलो म्हणून कोणाला वेगळा मोबदला मागता येत नाही. म्हणूनच शहाणे व्यापारी आधी करारनामा करतात. आमच्या गटांना तेवढी अक्कल कोणी शिकवत नाही. मीही साव नाही. मागे आमच्या वर्गाने गटागटाने अहवाल लिहिले. त्यातल्या एकावर माझे नाव आहे, ओळ मात्र एकही माझी नाही. तेव्हा समान वाटणी मला फार न्याय्य वाटली होती!

असे प्रकल्प बंद करावेत असे मी म्हणणार नाही. त्या दोन दिवसांत ताई जे ऐकायला शिकली ते वर्गात बसून शिकली नसती. पण पहिल्या सकाळी अर्धा तास काढून कोण काय करणार हे लिहून ठेवावे आणि शेवटी प्रत्येकाने आपला जमाखर्च सर्वांसमक्ष वाचावा. माणसांशी बोलणे, त्यांचे म्हणणे दुसऱ्या भाषेत समजावून देणे, हेही त्यात काम म्हणून मांडले जावे. मराठी-कन्नड घरांत वाढलेल्या आपल्याला हे काम किती दमवणारे असते ते ठाऊक आहे.

मी ताईला हे सारे सांगितले. मग सहज विचारले, “त्या अंथरुणाच्या बाईंचे नाव तुम्ही कुठे लिहिलेत का?” ती गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे ते मेज घेऊन त्यांच्याकडे गेलो. बाईंनी ते भिंतीला लावून पाहिले आणि म्हणाल्या, अजून चार बोटे खाली हवे.